सीसीमामांचा आकडा

अरे, हे वाचून तुला राग येणार. येऊ दे. राग आला की तू निदान बोलतोस तरी. आठ महिने झाले, तू माझ्याकडे येतोस, चहा पितोस, नळ गळतोय का ते बघतोस आणि निघून जातोस. तुझ्या दुकानात उभे राहून लोक तुझ्याबद्दल वाट्टेल ते बोलतात. एक म्हणतो मामा खचले, दुसरा म्हणतो मामांना शिंगं फुटली, गिऱ्हाइकाशी धड बोलत नाहीत. म्हणून एकदाचं लिहून टाकते. तुला विचारलेलं नाही. मोठ्या बहिणीला एवढा हक्क असतो आणि नसला तरी मी घेतलाय. पण तुझ्याशी बोलणं इथंच थांबवते. तुला समोर बसवून काही सांगायला जावं, तर तू पान्हा शोधायला उठतोस. तेव्हा तुझं तुला न सांगता इतरांना सांगते.

तर, सीसीमामा. खरं नाव विचारलं तर दुकानातल्या निम्म्या लोकांना सांगता येणार नाही. मोटारसायकलच्या दुकानात सत्तावीस वर्षं. आधी मागच्या बाजूला गाड्या खोलायचा, मग मालकाने त्याला पुढे काचेत उभं केलं. कारण गिऱ्हाईक विक्रेत्याशी बोलून झालं की हळूच मागे जाऊन यालाच विचारायचं, ‘मामा, कोणती घेऊ?’ दुकान स्पोर्ट गाड्यांचं. पुढे वाकून बसायच्या, रंगाने डोळे दिपवणाऱ्या, आवाजाने शेजाऱ्यांची झोप उडवणाऱ्या. दीडशे सीसीपासून हजारापर्यंत. आणि घेणाऱ्याची नजर नेहमी हजारावर.

मामाची पद्धत ठरलेली. खिशात किती आहेत हे तो कधीच विचारत नसे. तीन प्रश्न विचारायचा. रोज कुठून कुठे जाता? रस्ता कसला? मागे कोण बसणार? मग दुकानामागच्या आवारात नेऊन बंद गाडी उलटी, चढावर ढकलायला लावायचा. मग चालू गाडीवर एक गोल फेरी, माणूस चालतो त्या वेगाने, पाय न टेकता. एवढं झालं की एका कार्डावर इंजिनाचा आकडा लिहून हातात द्यायचा. त्यावर हुज्जत नाही.

एकदा एक धिप्पाड ठेकेदार आला होता. हजारच हवी म्हणाला. चढावर ढकलताना निम्म्यात धापा टाकायला लागला.

“मामा, मला ही ढकलायची नाहीये, चालवायची आहे.”

“बरोबर. आणि पेट्रोल पंपावर मागे घ्यायची वेळ आली की तिला हाक मारणार का तुम्ही? ये गं बाई, जरा मागे सरक?”

ठेकेदाराला चारशेचं कार्ड मिळालं. नाकापेक्षा मोती जड कशाला, हे मामाचं ठरलेलं वाक्य. पण म्हणून तो घाबरट होता असं कुणी समजू नये. ‘लहान घ्या, जपून चालवा’ म्हणणारे सल्लागार गल्लोगल्ली मिळतात, त्यांना काही कळत नसतं. एक किडकिडीत शाळामास्तरीण आली होती. तिला घरच्यांनी दोनशेवर मांडवली करून पाठवलं होतं. रोज हायवेने जायचं आणि मागे नवरा, तोही चांगला खात्यापित्या घरचा. मामाने तिला फेरी मारायला लावली आणि कार्डावर साडेसहाशे लिहिलं. नवऱ्याचा चेहरा उतरला. मामा त्याला म्हणाला, “अहो, इंजिन बाईंच्या वजनाला नाही, रस्त्याला पुरायला हवं. हायवेला रेसच्या मुठीत नेहमी थोडं शिल्लक पाहिजे. मूठ पूर्ण पिळून झाली आणि समोर ट्रक आला, तर मग काय पिळणार? स्वतःचे कान?”

मालक आधी कुरकुरायचा. पण ज्याला मामाने लहान दिली तो दोन वर्षांनी मोठी घ्यायला परत यायचा आणि सोबत मेव्हण्याला आणायचा. मग मालकही मूग गिळून बसायला शिकला.

मामाला एकच लेक. चष्म्याची भिंगं बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस. केसाएवढा ओरखडा पकडायचा हे तिचं काम, आणि घरी आली तरी ती सवय सुटायची नाही. कारखाना सेहेचाळीस किलोमीटरवर, चौपदरी रस्ता, दिवसभर ट्रक. सहा वर्षं जुन्या दीडशेवर जा-ये केली. मग एका शनिवारी बापाच्या दुकानात आली, रांगेत उभी राहिली, आणि नंबर आल्यावर म्हणाली, “मला स्पोर्ट गाडी घ्यायची आहे. विचारा तीन प्रश्न.”

“घरी विचारतो.”

“घरी तुम्ही बाबा. इथे मामा. इथेच विचारा.”

दुकानातले सगळे हसले. मामाला हसावंच लागलं. प्रश्न विचारून झाले. साडेसहाशे तिने चढावर अशी ढकलली की जशी काही भाजीची गाडी. मग गोल फेरी. एक नाही, तीन मारल्या, आणि तिसरीत डावा हात सोडून त्याला टाटा केला. थांबली तेव्हा दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकलेले होते.

सत्तावीस वर्षं ज्या माणसाला गिऱ्हाइकाच्या जागी फक्त रस्ता दिसायचा, त्याला त्या दिवशी रस्ता दिसेना. लेक दिसायला लागली. तिची मान, हेल्मेटबाहेर आलेली वेणी, टाटा करणारा हात. त्याची पाचावर धारण बसली. हे त्याने मला पुढे सांगितलं, नळाकडे बघत. कार्ड हातात होतं. साडेसहाशे लिहायचं हे त्याला स्वच्छ कळत होतं. त्याने तीनशे लिहिलं.

“तीनशे?” ती म्हणाली.

“साडेसहाशेची सीट उंच पडते तुला. तीनशे. तीनशे पुरेत.”

तिने एकदा आपल्या पायांकडे पाहिलं. एकदा बापाकडे. म्हणाली, “बरं बाबा.”

लाल रंगाची तीनशे आली. वहिनीला, म्हणजे तिच्या आईला, हायसं वाटलं. मामाने दोन दिवस कुणाशी नजर मिळवली नाही, पण मग तेही विरून गेलं. माणूस स्वतःला समजावण्यात पटाईत असतो. लहान गाडी म्हणजे कमी वेग, कमी वेग म्हणजे कमी धोका, हेच तो आता मनाशी घोकत होता. दुसरा कुणी दुकानात येऊन असं बोलला असता, तर यानेच त्याला फाडून खाल्लं असतं.

अकरा महिने काही झालं नाही. बाराव्या महिन्यात, दुपारच्या पाळीला जाताना, ती एका लांब ट्रकच्या बाजूने पुढे निघत होती. निम्म्यापर्यंत पोचली आणि ट्रक तिच्या बाजूला सरकायला लागला. चालक पेंगला की त्याने आरशात पाहिलंच नाही, देव जाणे. अशा वेळी दोनच गोष्टी करता येतात, ब्रेक मारायचा नाहीतर रेस देऊन पुढे सुटायचं. मागे दुसरी गाडी अगदी चिकटून होती. तिने गिअर पाडला आणि रेस दिली. मागून येणाऱ्याने सांगितलं, अजून एक हातभर पुढे असती तर सुटली असती. ट्रकचा कोपरा तिच्या मागच्या चाकाला लागला.

मांडीचं हाड, कमरेचं हाड. चार ऑपरेशनं. ती वाचली, डोकं शाबूत, जीभ तर त्याहून शाबूत. पण डावा पाय घोट्यातून वर उचलला जात नाही. त्याच पायाने मोटारसायकलचा गिअर टाकतात.

लोक भेटायला येत आणि म्हणत, “बरं झालं मामांनी मोठी घेऊ दिली नाही. मोठी असती तर...” आणि मामा उठून पाण्याची बाटली भरायला जायचा. अर्धा दिवस तो बाटल्याच भरत होता. नर्स म्हणाली, काका, इथे काय पाणपोई काढताय?

त्याच्या डोक्यात एकच भुंगा होता. त्या क्षणी तिच्या मुठीत काही शिल्लक होतं का? शिल्लक असेल तर इंजिन निर्दोष, आणि तोही. मूठ शेवटपर्यंत पिळलेली असेल, तर जो आकडा त्याने लिहिला तोच तिला तो हातभर कमी पडला.

दीड महिन्याने त्याने लेकीला सांगितलं. मीच त्याला पिडलं होतं. म्हटलं, अरे, तोंड उघड, नाहीतर मी उघडते. व्यायाम देणारी बाई नुकतीच गेली होती. लेक पलंगावर, पायाखाली दोन उशा. मी खिडकीशी संत्रं सोलत होते.

“मी खोटं बोललो होतो,” तो म्हणाला. “सीट तुला उंच नव्हती.”

“माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“बाबा, माझे दोन्ही पाय टेकले होते. आंधळी आहे का मी? आणि खोटं बोलायचं असलं की तुम्ही आकडा दोनदा सांगता. आईला पगार सांगताना सांगता तसा.”

“मग घेतलीस का?”

“तुम्ही इतके घाबरलेले कधी दिसला नव्हतात. म्हटलं, तीनशे घेते, तुम्हाला झोप तरी लागेल. आत्या, ते सालासकट देऊ नकोस मला.”

मला वाटलं होतं, बोलून टाकल्यावर त्याचं ओझं उतरेल. ते दुप्पट झालं. आतापर्यंत तो एकटाच चुकला होता. आता कळलं की त्याची चूक तिने डोळसपणे, त्याच्यासाठी म्हणून, अंगावर घेतली होती. भिंगातला ओरखडा ओळखणाऱ्या मुलीने तो दिसत असून पास केला.

त्याने हळूच विचारलं, “त्या वेळी मूठ किती पिळली होतीस?”

“आठवत नाही. आणि मला आठवायचंही नाही. तुम्ही पण नका विचारू.”

तो विषय तिच्यापुरता संपला. ती आता कुबडी घेऊन चालते, कारखान्याच्या गाडीने कामाला जाते, आणि कुबडीला लाल रंग देऊन झालाय. मामाचं मात्र काही संपलं नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं की तो पहिला प्रश्न विचारतो, दुसरा विचारतो आणि तिसऱ्याला अडकतो. “तुम्हीच बघा, तुमचं तुम्हाला कळेल,” असं म्हणून बाजूला होतो. मागे ते ढकलणं नाही, फेरी नाही, कार्ड नाही. गेल्या महिन्यात एका पोरसवद्याने हजार घेतली आणि मामा कोपऱ्यात हातमोजे मापाप्रमाणे लावत राहिला. मालकाने त्याला शेवटी हातमोजे-हेल्मेटच्या काउंटरवरच बसवलंय. लोक विचारतात, मामा असे का झाले? हे असे झाले. शिंगंबिंगं काही फुटलेली नाहीत.

आता राहिलेलं सांगते, आणि ते पुन्हा तुलाच सांगावं लागणार, कारण त्यात आपण दोघंच आहोत.

मोडलेली गाडी कंपनीच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये पडून होती, बसने दीड तासावर. तिथला मुख्य कारागीर तुझ्याच हाताखाली शिकलेला. त्याने फोन केला, “मामा, गाडीचा कॉम्प्युटर धड आहे. शेवटच्या क्षणी गिअर कोणता, मूठ किती पिळलेली, सगळं त्यात निघतं. काढून ठेवू?” तू म्हणालास, थांब, मी येतो, माझ्यासमोर काढ. आणि मग माझ्याकडे आलास.

“ताई, तू चल. तू वाच. मला आकडा सांगू नकोस. फक्त...”

“फक्त काय?”

तू उठून नळ घट्ट करायला लागलास. मी म्हटलं, मला त्यातलं ढिम्म कळत नाही. तू म्हणालास, एक आकडा तर वाचायचा आहे, जन्मभर बँकेत लोकांचे चुकलेले आकडे काढत आलीस.

पहिल्यांदा ठरलं तेव्हा तुला सुट्टी मिळाली नाही. दुसऱ्यांदा माझी दाढ दुखली. दुखत होती, पण तितकी नाही. मग त्या कारागिराचा निरोप आला की विम्याचं सगळं उरकलंय, सोमवारी भंगारवाले गाडी उचलणार. शनिवारी आपण थांब्यावर भेटलो. तू इस्त्रीचा शर्ट घातला होतास, मी पिशवीत चष्म्याच्या दोन जोड्या घेतल्या होत्या. बाकावर बसलो. वहिनीच्या गुडघ्याविषयी बोललो. बाराची बस आली, अगदी वेळेवर, अर्धी रिकामी. कंडक्टर दारातून म्हणाला, “आजी, येताय ना?”

तू उठला नाहीस. मी तुझ्याकडे पाहिलं. एरवी मी तुला दंडाला धरून वर चढवलं असतं, लहानपणी शाळेत नेताना चढवायची तसं. मीही उठले नाही.

“पुढची घेऊ,” तू म्हणालास.

“घेऊ,” मी म्हटलं.

पुढची सव्वाला होती. शनिवारी वर्कशॉप दोनला बंद होतं, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही.