निळ्या कमळाला मूठभर युरिया

ट्रेमधलं पाणी पालकाच्या भाजीसारखं हिरवंगार झालं होतं आणि पटले काका मला सोडून सगळीकडे बघत होते.

"काका, यात काय टाकलं?"

"काही नाही."

"काका."

"थोडासा युरिया टाकला. पऱ्हे दिसूनच नाही राहिले, तं म्हटलं जोर येईल."

सौंदडजवळ माझी नर्सरी आहे. बागेतल्या टाक्यांसाठी मी वॉटर लिली वाढवते. इथं सगळे तिला कमळच म्हणतात. काकांच्या बोडीत, म्हणजे शेतातल्या तळ्यात, निळी लिली फुलायची. काकूंनी आणून लावलेली. काकू गेल्या, आणि यंदा मुलानं बोडी बुजवून गोदाम बांधायला काढलं. काका पोचेपर्यंत जेसीबीनं लिलीचे गड्डे, म्हणजे मुळाकडचे कंद, मातीत गाडले होते. हाती बियांची चार बोंडं लागली. ती लोट्यात बुडवून काका थेट माझ्याकडे आले. एवढंच बी. हे गेलं की काकूंचं फूल संपलं.

हे बी खसखशीएवढं असतं. माघ सरता सरता, दुपार तापायला लागली की पेरायचं, म्हणजे पावसाळ्यापर्यंत रोप टाकीत सोडण्याजोगं होतं. पसरट ट्रेमध्ये तळ्याची चिकणमाती, वर बी, चिमूटभर वाळू आणि बोटभर पाणी. मग गप्प बसायचं. पहिली पानं दोऱ्यासारखी, तीही पाण्याखाली. बघणाऱ्याला वाटतं, बाईनं चिखल पाळलाय.

धानवाल्याला गप्प बसणं जमत नाही. मी डिलिव्हरीला गेले आणि काकांनी घरून मूठ आणली. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, युरिया खातात. ही चिमुकली काय खाणार? सगळी मेजवानी शेवाळानं झोडली.

"ही काय तुमची धानाची बांधी आहे? माझ्या ट्रेला हात कायले लावला?"

"रागाव तू. पण वाचव."

आता यावर काय डोंबल रागावणार!

सगळं पाणी एकदम बदललं असतं तर रोपंही गेली असती. बारीक नळीनं रोज थोडं जुनं काढलं, नवं सोडलं. चिमट्यानं शेवाळ उचललं. वर हिरवी नेट टाकली, कारण ऊन कमी झालं की शेवाळ दबतं. काका रोज एसटीनं यायचे. त्यांना गेटजवळ खुर्ची दिली, त्यापुढे यायची बंदी. तरी बहुतेक रोपं सडलीच. तीन जगली. ती काकांच्या अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत लावली.

भर पावसाळ्यात फोन आला. "पोरी, फूल आलं. निळंच आहे."

गेले. टाकीभोवती काटेरी कुंपण.

"काका, अंगणात ढोरं येतात का?"

"ढोरं कायले येतीन? माह्यासाठी लावलं. हात राहत नाही ना माहा."

असं म्हणून ते रडले. मग मीही रडले, खोटं कशाला सांगू.

आता बी हातात घेतानाच गिऱ्हाईकाला सांगते. चिखल, ऊन, पाणी सगळं माझ्याकडे आहे. तुम्ही फक्त येऊ नका.