आठशे ग्रॅम

सकाळी गरम पोह्यांना नाही म्हणू शकेल असा माणूस उज्जैनमध्ये अजून जन्माला यायचाय, असं इथं सगळेच धरून चालतात. सगळे चुकतात. असा माणूस आहे, अडुसष्ट वर्षांचा आहे, नानाखेड्याच्या मागच्या एका कॉलनीत राहतो आणि त्याच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहतो. माझे घरमालक. त्यांनी गहू, तांदूळ आणि साखर सोडली त्याला आता वर्ष होईल. या गावात तेवढं सोडल्यावर खायला शिल्लक राहते ती हवा. आणि तिलाही सकाळी सातला जिलेबीचा वास असतो.

मी फ्रीगंजमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. बी.एस्सी. आहे. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो, कारण माझे वडील मंडीत हम्माली करायचे, आजोबाही तेच करायचे, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वजनाशी घराण्याचा संबंध जुनाच म्हणायचा. ते पाठीवर घेत होते, मी काट्यावर वाचतो. घरमालकांनी मला खोल्या दिल्या त्याही या बी.एस्सी.वरच. पहिल्याच दिवशी म्हणाले, "सायन्स झालंय ना? चला, घरात एक तरी समजदार आदमी असावा." तेव्हापासून ते मला नावानं हाक मारत नाहीत. जिन्याखाली उभं राहून "ओ बी.एस्सी.!" असं ओरडतात, आणि शेजारच्या बायकांना इतक्या दिवसांत माझं खरं नाव कळलेलं नाही.

काकांची, म्हणजे घरमालकांची, नोकरी पोस्टात झाली. विदर्भातून बदलीवर आले ते इथंच राहिले, आणि त्यातली बरीचशी वर्षं त्यांनी पार्सलच्या खिडकीत काढली. त्यामुळं वजन ही त्यांच्या लेखी धर्माची गोष्ट. ग्रॅमभर इकडचं तिकडं त्यांनी कधी होऊ दिलं नाही. काकू गेल्यावर दोन-तीन वर्षांत शरीर सुटत गेलं, गुडघ्यानं संप पुकारला, आणि डॉक्टरांनी सांगितलं, "पहले अस्सी पे आओ, फिर घुटने का ऑपरेशन करेंगे." काका तेव्हा चौऱ्याण्णव किलो होते. हैदराबादला नोकरी करणारी मुलगी, एकुलती एक. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही ऐंशी व्हा, मी पंधरा दिवस सुट्टी काढून येते." त्याच संध्याकाळी काकांनी काटा विकत आणला आणि कॉलनीत एक सोहळा सुरू झाला.

वजन करण्याची त्यांची पद्धत मी लॅबमध्येही पाहिलेली नाही. रोज सकाळी साडेसातला. आधी दाढी, कारण दाढीचंही वजन असतं. रविवारी नखंसुद्धा. मग अंगठी काढायची, जानवं खुंटीला, घड्याळ टेबलावर. त्यानंतर काटा खरं बोलतो की नाही ते तपासायचं. त्यासाठी पाच किलो आट्याचं एक सीलबंद पाकीट घरात ठेवलेलं. गव्हाचं पीठ म्हणून त्या घरात तेवढंच उरलं होतं, आणि तेही बाट म्हणून, तोलायचं माप म्हणून. काट्यानं पाच दाखवले की काका चष्मा काढून वर चढायचे. आता चष्म्याशिवाय त्यांना आकडा दिसत नाही, आणि चष्म्यासकट वजन करणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. म्हणून आकडा वाचायला रोज मी. मी मोठ्यानं सांगायचो, ते खाली उतरून, चष्मा लावून, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचे आणि मला बिनसाखरेचा चहा द्यायचे. तो पिताना माझा चेहरा बघून रोज म्हणायचे, "सवय होईल." झाली नाही.

निर्धार जबरदस्त. एकदा मला भेटायला फ्रीगंजला आले. कोपऱ्यावरच्या ठेल्यापाशी थांबले आणि म्हणाले, "भैया, एक प्लेट पोहा, बिना पोहे का." ठेलेवाला हातातला झारा तसाच धरून बघत राहिला. काकांनी समजावलं: कांदा, कोथिंबीर, लिंबू, शेंगदाणे असं सगळं घाल, फक्त पोहे तेवढे नको. तो म्हणाला, "बाबूजी, वो तो ठीक है, पर फिर मैं यहाँ कर क्या रहा हूँ?" समोरच्या घरी दाल-बाफल्याचं, म्हणजे वरण आणि कणकेच्या उकडून भाजलेल्या गोळ्यांचं, जेवण होतं तेव्हा तर कहर. इकडं जेवणात मनुहार चालते, म्हणजे पाहुण्याच्या ताटात शपथा घालून वाढायचं. यजमानीण बाफला घेऊन आली, "काकासाब, हमारी कसम, एक तो लेना पड़ेगा." काकांनी दोन्ही हातांनी ताट झाकलं. पण मागून तुपाचं भांडं येताना दिसल्यावर वाटी पुढं केली: "घी पे डॉक्टर ने कुछ नहीं बोला है." आणि बाफल्याशिवाय वाटीभर तूप औषधासारखं पिऊन टाकलं. रामघाटावरून कोणी प्रसादाचा लाडू आणून दिला तर नाही म्हणायचे नाहीत. कपाळाला लावायचे, डोळे मिटायचे आणि गल्लीतल्या गाईला घालायचे. काका बारीक होत गेले त्या चार महिन्यांत ती गाय अशी काही फुगली की फाटकातून आत येणं तिनं सोडून दिलं.

पण या सगळ्याचं फळ मिळत होतं रविवारी. रविवारी नऊला मुलीचा फोन यायचा. काकांना एका कानानं कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर टेबलाच्या मध्यभागी, देवासारखा, आणि आम्ही दोघं दोन बाजूंना. "किती उतरलं, बाबा?" हा तिचा पहिला प्रश्न. "दीड किलो!" असं काका पार्सलच्या खिडकीतल्या आवाजात सांगायचे. मग ती खूश. काय खाल्लं, कसं खाल्लं, पॅन्ट ढिली होते का, हे विचारता विचारता स्वतःचंही सांगायला लागायची: ऑफिसातली भांडणं, घरमालकिणीचं कुत्रं, केस गळतात ते. फोन वीस मिनिटं चालायचा. काका मध्ये फक्त "अच्छा... अच्छा..." करायचे, आणि ठेवल्यावर मला सगळं पुन्हा सांगायचे. जसं काही मी तिथं नव्हतोच.

मग वजन त्र्याऐंशीवर येऊन थांबलं. खाणं तेच, चालणं तेच, पण काटा ढिम्म. डॉक्टर म्हणाले, असं होतं, शरीर अडून बसतं, धीर धरा. काकांनी धीर कसा धरायचा याचीही पद्धत काढली. कमी झालेल्या अकरा किलोंएवढी जुनी रद्दी मोजून पोत्यात बांधली आणि म्हणाले, "हे एवढं मी अंगावर घेऊन फिरत होतो, बी.एस्सी.! रोज याच्याकडं बघितलं की हिंमत येईल." नुसतं बघून हिंमत येईना, तेव्हा ते उचलून अंगणाला फेरी मारायची ठरली. त्यांच्या गुडघ्याला ते झेपेना, म्हणून फेरी मी मारायची. बाप-आजोबांनी जे सुटावं म्हणून मला शिकवलं, ते मी संध्याकाळी साडेसहाला बी.एस्सी. होऊन करत होतो, आणि काका पायरीवर बसून हिंमत घेत होते.

रविवारी मात्र कठीण झालं. "किती उतरलं, बाबा?" "या वेळी काही नाही." "बरं. होईल. बाकी?" "बाकी ठीक." "मग ठेवू?" दोन माणसांकडं बोलायला दुसरं काही नव्हतं असं नाही, सुरुवात कुठून करायची ते माहीत नव्हतं. मला कळत होतं. माझे वडील गावाकडून फोन करतात तेव्हा आम्हीही पाऊस आणि जेवण यापलीकडं जात नाही. फोन बंद झाला की काका तो उचलून बघायचे. बॅटरी गेली असेल, अशी एक आशा.

अशा चार-पाच रविवारांनंतर अचानक काकांचा आवाज पुन्हा चढला. "आठशे ग्रॅम!" पुढच्या रविवारी पुन्हा, "आठशे ग्रॅम!" मुलगी खूश, फोन पुन्हा वीस मिनिटांवर. मीही खूश होतो. पण मी रोज सकाळी आकडा वाचतो, आणि रविवारी मी त्र्याऐंशीच वाचत होतो. एकदा चहा पिताना नीट कॅलेंडर बघितलं. सोमवारी त्र्याऐंशी. मंगळवारी त्र्याऐंशी किलो आठशे. तिथून उतरत उतरत रविवारी परत त्र्याऐंशी. सगळे आठवडे एका साच्यातले. आणि मला आठवलं, सोमवारी संध्याकाळी लॅबमधून आलो की जिन्यात जिऱ्याचा, तुपाचा, भाजलेल्या दाण्याचा वास असतो. साबूदाण्याची खिचडी! काकू सोमवार करायच्या; त्यांच्यामागं आता काही आठवड्यांपासून काकांनी धरला होता.

मला इतका आनंद झाला की विचारू नका. ही चूक फक्त आपलीच माणसं करू शकतात. पोळीचा तुकडा पाप, पण उपवासाला चालतं ते अन्नच नव्हे, त्यामुळं त्याला हिशेब नाही! पुढच्याच सोमवारी मी खाली गेलो. काका ताट घेऊन बसले होते. मी उभ्या उभ्या त्यांना शिकवलं: काका, साबूदाणा म्हणजे शुद्ध स्टार्च, पोळीपेक्षा वाईट, वरून बटाटा, याच्यानंच वजन अडलंय, देवाला चालत असेल पण काट्याला चालत नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं, एखाद्या गिऱ्हाइकाची तक्रार ऐकावी तसं. मग म्हणाले, "माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"पहिल्या सोमवारी नव्हतं माहीत. मंगळवारी तूच आकडा वाचलास, तेव्हा कळलं. म्हटलं, चला, आता उतरायला काहीतरी झालं." त्यांनी घास घेतला. "मी खोटं बोलत नाही हं. ती विचारते किती उतरलं. मंगळवारपासून रविवारपर्यंत आठशे उतरतं. तू साक्षीदार आहेस."

मी चिडलो. मी सरळ बोलणारा माणूस आहे. म्हटलं, "आणि गुडघ्याचं काय? ऐंशी कधी होणार? ती कधी येणार?"

"येईल की. पंधरा दिवस राहील, आणि मग जाईल. त्यानंतर काय विचारणार ती मला?" काका ताटाकडं बघत म्हणाले. "खातोस का थोडी? दाणे जास्त झालेत."

मी खाल्ली. दुसरं काय करणार.

पण पोस्टाच्या माणसाला स्वतःची बेरीज चुकवता येते, मुलीची चुकवता येत नाही. पुढच्या रविवारी पाचव्यांदा "आठशे ग्रॅम" ऐकल्यावर ती ओरडलीच, "बाबा! पाच आठवड्यांचे चार किलो झाले. म्हणजे तुम्ही एकोणऐंशी आहात! मला सांगितलं का नाही? मी सुट्टी मंजूर करून घेतली, तिकीट पण काढलं!"

काकांनी माझ्याकडं बघितलं. ज्यानं आयुष्यभर एकाही पार्सलचं वजन चुकवलं नाही त्या माणसाचा चेहरा मला त्या दिवशी बघवेना. मी उठायला लागलो तर त्यांनी हातानंच मला बसवलं. "बेटा," ते म्हणाले, "मी त्र्याऐंशीच आहे." आणि मग सोमवार, साबूदाणा, मंगळवार, सगळं सांगितलं, काहीही न लपवता. पलीकडून तिचा आवाज आला, बारीक: "माझ्या फोनसाठी तुम्ही खिचडी खात होतात, बाबा?"

"बटाटा कमी घालत होतो," काका म्हणाले.

ती हसली की काय झालं ते स्पीकरवर कळलं नाही. तिकीट रद्द करावं लागलं; सुट्टी एकदाच मिळणार, ती ऑपरेशनसाठी राखून ठेवायची असं ठरलं. काकांनी सोमवारी काकडी आणि दही खायला सुरुवात केली. जिन्यातला वास गेला. काटा आता खरंच थोडा हलतोय, पण मुंगीच्या पावलानं. या आठवड्यात दीडशे ग्रॅम, त्याच्या आधी शून्य. ऐंशी कधी होईल ते मी सांगू शकत नाही, आणि मी बी.एस्सी. आहे.

परवाच्या रविवारी फोन आला. "किती उतरलं, बाबा?" "काही नाही. आहे तेवढंच." "बरं." आणि दोघंही गप्प. मी वाट बघत होतो की आता ती "ठेवू?" म्हणेल. म्हणाली नाही. काकाही काही म्हणाले नाहीत. टेबलावर फोनचा उजेड तसाच, मिनिटं पुढं सरकताहेत. तिकडून भांड्यांचा आवाज आला, नळाचा आला, मग कुकरची शिट्टी. काका ताठ बसले. दुसरी झाली. तिसरी झाल्यावर फोनकडं वाकून म्हणाले, "तीन झाल्या गं. गॅस बंद कर."

"हो, बाबा."

"काय लावलंस?"

"वरणभात."

काकांनी डोळे मिटले. "मऊ होऊ दे. लगेच उघडू नकोस."

मी कप खाली ठेवला, आवाज न करता उठलो आणि जिना चढून वर आलो. माझ्या खोलीचं दार उघडंच ठेवलं. खाली फोन चालू होता. बोलत कोणीच नव्हतं.