पाखाडी, रंगाचा डबा आणि पाहणीच्या मॅडम

वारसा समितीच्या मिनिट्सच्या वहीत मी फक्त ठराव लिहिते. मीटिंगमध्ये जे खरोखर घडतं, त्याला वहीत रकानाच नाही! मग ते माझ्या डोक्यात साठत जातं. परवा चिपळूणच्या मैत्रिणी आल्या आणि सांगता सांगता चहा तीनदा झाला.

आधी भांडण समजून घ्या. संगमेश्वरपासून बरंच आत, डोंगराच्या उतारावर आमचं गाव. ओढ्यापासून देवळापर्यंत जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट चढते, ती आमची पाखाडी. ज्याच्या दारासमोरच्या पायऱ्या, त्या त्याच घराने घालायच्या आणि राखायच्या, अशी रीत. गाव वारसा यादीत गेलं तर पाखाडी वाचणार. नाही गेलं तर तिच्यावर सिमेंटचा रस्ता!

समितीत मी सोडून सगळे साठीच्या पुढचे. टायपिंग येतं म्हणून मी सेक्रेटरी. अध्यक्ष अण्णा. आणि रस्ता मागणाऱ्या अर्जावर पहिली सहीसुद्धा अण्णांचीच!

"अण्णा, तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे?" मी भर मीटिंगमध्ये विचारलं.

"मुलगा गणपतीला गाडी घेऊन येतो गो. गाडी दारात नको?"

"मग अध्यक्ष कशाला झालात?"

"दुसरा कोण होता?"

*

झऱ्याचं पाणी घरोघर नेणारा पाट आहे आमच्याकडे. नकाशा हवा म्हणून मी कॉलेजातल्या एका इंजिनिअर मित्राला बोलावलं. त्याने दिवसभर यंत्र लावून उतार मोजला. संध्याकाळी तो पाटाच्या कडेला बसूनच राहिला. इतकी वळणं घेऊनही पाण्याचा उतार कुठे बिघडलेला नव्हता!

पाटाची देखभाल भिकूकाका करतात. मित्राने विचारलं, "काका, हे मोजलं कसं असेल?"

"मोजायचं काय त्यात? थोडं खणायचं, पाणी सोडायचं. ते थांबलं की आपण चुकलो."

त्याच्याबरोबरच मिळवलेली माझी डिग्री त्या दिवशी मला जरा हलकी वाटली.

*

गेल्या पावसाळ्यात शाळेची नवी सिमेंटची भिंत आडवी झाली. तिला लागूनच आमचा जुना गडगा, नुसता दगडावर दगड रचलेला. तो जसाच्या तसा! फोटो काढताना मी म्हटलं, "हा कसा काय राहिला?"

भिकूकाका म्हणाले, "भिंतीने पाणी अडवलं. ह्याने जाऊ दिलं."

*

वारसा यादीसाठी पाहणीच्या मॅडम यायच्या आदल्या दिवशी मी पाखाडीवर गेले आणि किंचाळलेच. देवळाजवळच्या आठ पायऱ्या लालभडक! अण्णा ब्रश धुत बसलेले.

"अण्णा, हे काय केलंत?"

"जांभा काळा पडला होता. जांभा जांभ्यासारखा दिसायला हवा ना?"

"ऑइलपेंट लावून?"

"चांगल्या कंपनीचा आहे!"

मी इतकी ओरडले की देवळातली भजनाची तालीम थांबली. मग बायका नारळाची सोडणं घेऊन आल्या आणि अंधार पडेपर्यंत सगळं गाव पायऱ्या घासत बसलं. अण्णाही घासत होते. तोंडाने मात्र, "वाया गेला गो डबा!"

*

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. पाखाडी पाहून म्हणाल्या, "सुंदर आहे. पण कुठल्या घराने कुठल्या पायऱ्या घातल्या, याचा कागद?"

कागद नव्हता. मी किती वर्षं समितीला सांगत होते, लिहून ठेवा, लिहून ठेवा! आता सिमेंटच, हे मला स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात समितीतले बाबीदा उठले. लहानपणी देवी आल्या तेव्हा त्यांचे डोळे गेले. त्यांनी चपला काढल्या आणि देवळापासून खाली उतरायला लागले.

"ही राऊतांची. पसरट. ही घागांची, उंच. ही आमची."

एकही घर चुकलं नाही. कुलूप लावून मुंबईला गेलेली घरंसुद्धा त्यांनी पायाने ओळखली. मॅडम मागून चालत भराभर लिहीत होत्या.

मधेच बाबीदा थांबले. बाजूला नुसती करवंदीची जाळी.

"इथे कुणाचं घर?" मॅडमनी विचारलं.

"नाव नाय ठाऊक. पण ह्या चार पायऱ्यांचा हात वेगळा. इथे घर असणार."

"बाबीदा, इथे कधी घर नव्हतं!" अण्णा वैतागले. "माझा आजासुद्धा इथे जाळीच सांगायचा."

भिकूकाका कोयता घेऊन जाळीत शिरले. बराच वेळ नुसता काटे तोडल्याचा आवाज. मग कोयता दगडावर वाजला. पालापाचोळ्याखाली जांभ्याचं अख्खं जोतं होतं, आणि मधोमध तुळशीचा चौथरा.

मॅडम आत जाऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "अण्णा, रस्त्याचा अर्ज तुमचाच ना? याच्यावरूनच जाणार होता तो रस्ता."

अण्णा मॅडमच्या पायांकडे बघत होते.

"मॅडम, जरा बाजूला व्हा. उंबरठ्यावर उभ्या आहात तुम्ही."