मोराच्या चादरीतलं भूत

माझ्या मामाला सिनेमा काढायचा होता आणि मामीला त्याचा कॅमेरा घराबाहेर काढायचा होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मामा सोलापुरात गिरणीत फिटर. ओळखीच्या स्टुडिओवाल्याकडून त्यानं चावी देऊन चालणारा, मुका सिनेमा घेणारा एक जुना कॅमेरा आणला होता. मी कॉलेजसाठी त्यांच्याकडं राहायचे, त्यामुळं या भानगडीत मीही सापडले.

मामीचा राग काही उगाच नव्हता. आदल्या दिवाळीत करकंबला, मामीच्या माहेरी, मामानं तिच्या वडलांना, आबांना, अंगणात चहा पिताना टिपलं होतं. रीळ मुंबईला धुवायला गेलं आणि आलं ते पार काळं. तोवर आबा गेले होते. त्यांचा एक साधा फोटोही कुणाकडं नव्हता.

"माज्या बापाचं त्वांड धरता आलं न्हाय त्याला. असलं डबडं घरात ठिवून काय करायचंय?" मामी म्हणायची.

शेवटी त्यानं एक संधी मागून घेतली. भुताचा सिनेमा काढतो, बघून तू घाबरलीस तर कॅमेरा राहील, नाहीतर स्टुडिओत परत. मामी हसलीच. मसणवाट्यातनं एकटीनं सरपण आणणारी बाई ती. भ्यायची गोष्ट तिला ठाऊकच नव्हती.

मामाची कल्पना मात्र नामी होती. एक फोटोग्राफर ओसाड जागी जातो, तो परत येतच नाही. लोकांना नुसता त्याचा कॅमेरा सापडतो, आणि आपण बघतो ते त्या कॅमेऱ्यातलं चित्र. म्हणजे नट नको, दिवे नकोत, आणि चित्र हललं तरी बोंब नाही, कारण पळणाऱ्याचा हात हलणारच. पुढं मी पाण्यासारखा पैसा ओतलेले कितीतरी भयपट पाहिले. पण हलत्या चित्रात जे वाटतं, की हे खरंच कुणाच्या तरी हातात होतं, ते त्यात कुठं सापडलं नाही.

जागा मिळाली कुंभारी गावाच्या वाटेवरच्या पडक्या गोदामात. भूत अर्थातच मी. भुताला पांढरी चादर लागते, आणि चादरींच्या या गावात आमच्या घरी एक पांढरी चादर असेल तर शपथ. मग मामीचीच जाडजूड, मोरांच्या नक्षीची चादर चोरून नेली. एप्रिलचं ऊन, आत मी उकडून निघालेली, समोरचं काही दिसेना. खांबाला धडकून आडवी झाले, तर मामा म्हणतो, "लई भारी पडलीस. आता तशीच सरपटत ये." असा संताप आला होता, काय सांगू.

रीळ धुऊन आलं त्या रविवारी दुपारी खिडक्यांना घोंगड्या टांगल्या आणि भिंतीवर मामाचं धोतर ताणलं. प्रोजेक्टर स्टुडिओवाल्याचा. शेजारपाजारचे दाटीवाटीनं बसले. सिनेमा मुका, म्हणून मामा खर्जात गोष्ट सांगत होता. गोदाम हललं, अंधार हलला आणि मोर नाचवत मी प्रकटले.

"आमचीच चादर हाय की ती," मामी म्हणाली. "धुतली का न्हाय?"

सगळे खो-खो हसले. मामाचा चेहरा पडला. मला त्याची दया आली.

आणि मग माझ्या, म्हणजे भुताच्या, पोटातून एक म्हातारा दिसायला लागला. आरपार. पटका बांधलेला, उकिडवा बसलेला. त्यानं कपातला चहा बशीत ओतला, फुंकर मारली, मान वर करून आमच्याकडं बघितलं आणि हसला. शेजारीण किंचाळली. दोघंतिघं उठून दाराकडं पळाले.

दोन रिळं एकाच डब्यात होती. आबांचं म्हणून मामानं कोरंच रीळ मुंबईला धाडलं होतं, आणि कोरं म्हणून आबांच्या रिळावर आमचं भूत उतरवलं होतं. मामाच्या ते ध्यानात आलं तसा तो रिळाचा डबा उलटासुलटा करून बघायला लागला. पडद्यावर आबा चहा पीत होते आणि त्यांच्या पटक्यावरनं मोर चालले होते.

रीळ संपलं. धोतरावर नुसता उजेड राहिला. मामा उठला, खुंटीवरचा कॅमेरा काढला आणि टॉवेलात गुंडाळायला लागला.

"तू कुठं घाबरलीस? हरलो मी," तो म्हणाला. "तुझ्या आबांवर मी मोर नाचवले."

मामी जागची हलली नव्हती. नजर अजून धोतरावरच होती.

"ठिवा ते खाली," ती म्हणाली. "मी भ्याले."

मामानं टॉवेल सोडायला घेतला.

"लई भ्याले," मामीनं पदरानं डोळे पुसले. "आता परत लावा."