सातावर उचललेले बोट

‘पापनाशमच्या त्या माणसाने वेग वाढवून ग्राफिक्स कार्ड जाळले,’ असे माझे मेहुणे आजही प्रत्येक लग्नात सांगतात. या एका वाक्यापायी तंजावरातल्या आमच्या गल्लीत त्याला पुन्हा कोणी काम दिले नाही. नव्वदीच्या अखेरीचा तो संगणक माझा होता आणि मी शेजारीच बसलो होतो. मेहुण्यांची कथा मला मान्य नाही.

खेळातली चित्रे जलद यावीत म्हणून तो कारागीर कार्डाचा वेग किंचित वाढवी, मोटारींच्या शर्यतीचा खेळ चालवी आणि पडद्यावर सेकंदाला किती चित्रे येतात ते कागदावर टिपी. मग कार्डावरच्या तापलेल्या ॲल्युमिनियमवर बोट ठेवून तमिळमध्ये पुटपुटत दहापर्यंत मोजी. बोट टिकले तरच पुढची वाढ. एकदा त्याने सातावरच बोट उचलले आणि वेग मागे घेतला.

आमच्याकडे मुक्कामाला आलेले मेहुणे हसले. ‘काय हो, भ्यालात?’

‘भ्यालो, सार. जळलं तर नाव माझं निघेल.’

आपली भीती इतक्या सरळपणे कबूल करणारा दुसरा कारागीर मी पाहिलेला नाही.

दोन दिवसांनी कार्ड जळाले. मेहुण्यांनी दोष त्याच्यावर ढकलला. वस्तुस्थिती अशी की, तो निघाला तेव्हा चाचणीत सेकंदाला छत्तीस चित्रे येत होती. कार्ड जळण्याच्या आदल्या संध्याकाळी मेहुण्यांनी शेजाऱ्यांना बोलावून मोठ्या दिमाखात त्रेचाळीस दाखवली होती.