मावशीची तंगी

अख्ख्या सोलापुरात सापांसाठी एसी लावून स्वतः व्हरांड्यात झोपणारं माणूस एकच असेल, आणि ते म्हणजे माझ्या बायकोची मावशी. कॉर्न स्नेक नावाचे नारिंगी, बिनविषारी परदेशी साप ती रीतसर नोंदणी करून पाळते, त्यांची अंडी उबवते आणि पिल्लांशी माहेरच्या, म्हणजे मैंदर्गीच्या, कन्नडमध्ये बोलते. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्याकडे गेलो तेव्हा फ्रीजरमधला आइस्क्रीमचा डबा उघडला, तर आत गोठलेले उंदीर. "जावईबापू, तो त्यांचा की," मावशी शांतपणे म्हणाली, "तुमचा त्याच्याखाली हाय." त्या घरात मी पुन्हा आइस्क्रीम मागितलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिची सर्वांत लाडकी म्हातारी मादी पेटीतून निसटली. नाव तंगी, म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण. आम्ही चपला झटकल्या, गाद्या उलट्या केल्या, तांदळाचा डबासुद्धा चाळला. भर दुपारी समोरच्या घरातून किंकाळी आली, "साप! कूलरमधी साप!"

आम्ही पोचलो तोवर गल्लीतली माणसं काठ्या घेऊन उभी होती. मावशी कूलरला पाठ लावून उभी राहिली. "आधी मला मारा."

"पण आत तुमचीच हाय कशावरून?" एकानं विचारलं. मागच्याच महिन्यात त्या गल्लीत घोणस निघाली होती. न बघता कुठंही हात घालू नये, हे मला शिकवणारी मावशीच. आणि तिनंच ओल्या जाळीमागे कोपरापर्यंत हात घातला.

"बा तंगी, बा," ती पुटपुटत होती. ये गं, ये. एकाएकी तिचा चेहरा आक्रसला. हात सावकाश बाहेर आला: अंगठ्यावर रक्ताचे थेंब, मनगटाला नारिंगी वेटोळं.

"चावला!" कोणीतरी ओरडलं.

"भ्यालीय वो ती," मावशी म्हणाली आणि मटकन खाली बसली. मग माझ्या कानाशी हळूच, "मला बी म्हाईत नव्हतं, आत कोण हाय ते."

काठ्या खाली आल्या. पण त्या घरची सून रडत म्हणाली, "मावशी, माझं बाळ रांगतंय वो." पुढच्याच आठवड्यात तिनं बाकीचे सगळे साप पुण्याच्या एका नोंदणीकृत पाळणाऱ्याला देऊन टाकले. एकट्या तंगीला ठेवायला गल्लीनं कुरकुरत का होईना, होकार दिला.

आता कधी संध्याकाळी गेलो तर मावशी व्हरांड्यात बसलेली असते. तंगी तिच्या हाताला विळखा घालून निजलेली. समोर चहा निवत राहतो, पण मावशी तो हात हलवत नाही.