आपल्या भाषेत

शारजात कामगारांच्या वस्तीतल्या आरोग्य तपासणीला मी दुभाषी म्हणून गेले होते. डॉक्टर केरळचे, रांगेतली बहुतेक माणसं कोकणातली. ‘आपलं आरोग्य, आपल्या भाषेत’ हा बोर्ड मीच रंगवला होता आणि मनातून त्यावर खूश होते.

पन्नाशीचे एक काका समोर येऊन बसले. मांडीवर हेल्मेट, बोटावर दाबून धरलेला कापूस. डॉक्टर हळू आवाजात इंग्रजीत बोलत होते आणि काका मान खाली घालून नुसतं “यस सर” म्हणत होते. बिचाऱ्यांना काही कळत नसणार, असं समजून मी पुढे झाले. मराठी बोलायला मिळाल्याच्या आनंदात माझा आवाज चढलाच.

“काका, तुमची साखर फार वाढलीय. रात्रीचा भात कमी करा, गोळ्या आजच सुरू करा.”

मागची रांग एकदम गप्प झाली. काकांनी वळून पाहिलं नाही. गुंडाळलेली बाही सावकाश खाली ओढली, मनगटाचं बटण लावलं. मग पुढे वाकून, अगदी आदबीने म्हणाले, “ताई, साहेबांचं मला कळलं होतं. मागे उभे आहेत ते सगळे माझ्याच गावचे. संध्याकाळपर्यंत घरी बायकोला कळेल, आणि ती म्हणेल, सोडा नोकरी, परत या.”

काका हेल्मेट घेऊन निघून गेले.

पुढच्या माणसासाठी मी खुर्ची अगदी जवळ ओढली. बसण्याआधी त्याने मागे वळून रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डॉक्टरांना म्हणाला, “सर, इंग्लिश.”